पेस्टालॉत्सी : त्रेपन्नाव्या वर्षीचा नवशिक्षक



तुमच्यापैकी काहीजण आज शिक्षक असतील. काहींनी शिक्षणशास्त्राची पदविका घेताना अध्यापनसूत्रे पाठ केली असतील : ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे, सोप्याकडून अवघडाकडे. उत्तरपत्रिकेत ही सूत्रे एका दमात लिहून आपण मोकळे होतो. ती कोणाला कशी सुचली असतील, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. या सूत्रांच्या जडणघडणीत अनेकांचा वाटा आहे. पण त्यांची एक मुळी शोधत गेलो तर आपण स्वित्झर्लंडमधील श्टान्स नावाच्या एका जळालेल्या गावात जाऊन पोहोचतो. तेथे १७९९ च्या जानेवारीत एक वयस्क गृहस्थ आयुष्यात प्रथमच मुलांच्या वर्गापुढे दिवसभर उभे राहिले. त्यांचे नाव योहान हाइनरिख पेस्टालॉत्सी.

शाळा १४ जानेवारीला सुरू झाली. त्याच्या दोनच दिवस आधी त्यांनी वयाची ५३ वर्षे पूर्ण केली होती. नोकरी, संसार, शेती यांतून वेळ काढून उशिरा पदवीचा अभ्यास करणाऱ्या तुमच्यासारख्या वाचकांना हा तपशील कोरडा वाटणार नाही. म्हणून या पाठात आपण त्यांचे संपूर्ण चरित्र समप्रमाणात पाहणार नाही. त्यांच्या शिक्षकी पेशाच्या पहिल्या वर्षापाशी अधिक थांबणार आहोत.

श्टान्सपूर्वीची वाटचाल

पेस्टालॉत्सींचा जन्म १२ जानेवारी १७४६ रोजी झ्यूरिख येथे झाला. वडील शल्यचिकित्सक होते. हाइनरिख पाच वर्षांचे असताना ते वारले. मृत्युशय्येवरील धन्याला बाबेली नावाच्या मोलकरणीने शब्द दिला, की ती या कुटुंबाला सोडून जाणार नाही. तो शब्द तिने जन्मभर पाळला. आईच्या आणि बाबेलीच्या काटकसरी मायेत मुलगा वाढला. आजोबा जवळच्या खेड्यात धर्मोपदेशक होते. त्यांच्याबरोबर घरोघर जाताना त्याने गरिबांची घरे आतून पाहिली. गरिबी ही केवळ पैशाची वाण नसून माणसाची वाढच खुंटविणारी गोष्ट आहे, ही जाणीव त्यांना पुस्तकाआधी या घरांनी दिली.

तरुणपणी रूसोच्या विचारांनी ते भारावले. १७६९ मध्ये आना शुल्टहेस या सधन घरातील, त्यांच्याहून वयाने मोठ्या असलेल्या स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. बिर या गावाजवळ जमीन घेऊन त्यांनी नॉयहोफ, म्हणजे ‘नवी वाडी’, उभारली. लाल रंगासाठी मंजिष्ठेची लागवड करून शेती फायद्याची करावी असा बेत होता. तो फसला. मग त्याच वाडीत गरीब मुलांसाठी कामशाळा काढली. मुलांनी सूत कातावे, विणावे, त्यातून आपला खर्च भागवावा आणि काम करता करता शिकावे, अशी ती योजना होती. १७८० मध्ये तीही बंद पडली आणि आनाच्या माहेरच्या पैशाचा मोठा भाग तिच्याबरोबर गेला.

याच काळातील एक गोष्ट चरित्रकार थोडक्यात आटोपतात; ती थोडक्यात आटोपण्यासारखी नाही. १७७० मध्ये त्यांना मुलगा झाला. रूसोच्या नावावरून त्याचे नाव ठेवले हान्स याकोब. रूसोचा ग्रंथ समोर ठेवून त्याला वाढवायचे बापाने ठरवले. मूल साडेतीन वर्षांचे असताना त्यांनी त्याच्या शिक्षणाची रोजनिशी लिहिली. मुलाला संख्यांची नावे म्हणता येत होती, पण संख्या म्हणजे काय हे कळत नव्हते. शब्द आधी आला आणि त्यानेच पुढची समज अडवून धरली, हे बापाच्या लक्षात आले. एका क्षणी स्वातंत्र्य आणि दुसऱ्या क्षणी सक्ती, अशा हेलकाव्यात ते मूल वाढले. पुढे त्याला फेफऱ्याचा विकार जडला. वयाची अकरा वर्षे उलटली तरी त्याचे लिहिणे-वाचणे जेमतेमच होते. सगळ्या युरोपला मुले कशी शिकवावीत हे सांगणाऱ्या माणसाचे स्वतःचे मूल असे मागे राहिले. चरित्र वाचताना हा सल मनात ठेवा. श्टान्समध्ये शब्दांच्या आधी वस्तू मुलांपुढे ठेवणारा शिक्षक ही चूक आपल्याच घरात करून आलेला होता.

नॉयहोफ बुडाल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली. १७८१ मध्ये ‘लीनहार्ट आणि गेर्ट्रूड’ या कादंबरीचा पहिला भाग निघाला. दारूच्या नादी लागलेल्या गवंड्याची शहाणी बायको घर सावरते आणि मुलांना चरख्यापाशी बसवून शिकवते, ही कथा लोकांना अतिशय आवडली. १७९२ मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारी विधिमंडळाने त्यांना मानद नागरिकत्व दिले. कीर्ती आली, पण त्यांना हवे होते ते काम मिळाले नाही. गेर्ट्रूड शिकवत होती कागदावर. कादंबरीतील मुले लेखकाचे ऐकतात. खरी मुले ऐकतीलच असे नाही.

श्टान्सचा मठ

१७९८ मध्ये फ्रेंच सैन्याच्या बळावर स्वित्झर्लंडमधील जुन्या स्वायत्त प्रांतांच्या जागी एकसंध प्रजासत्ताक आले. डोंगराळ निडवाल्डन प्रांतातील कॅथलिक शेतकऱ्यांनी नव्या राज्यघटनेची शपथ घेण्यास नकार दिला. ९ सप्टेंबर १७९८ रोजी फ्रेंच फौजेने त्यांच्यावर हल्ला केला. सुमारे ४०० माणसे मारली गेली. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. शेकडो घरे जळाली. प्रांताचे मुख्य गाव श्टान्स. तेथील निराधार मुलांसाठी नव्या सरकारने अनाथाश्रम काढण्याचे ठरवले आणि तो चालविण्यासाठी पेस्टालॉत्सींना पाठवले. मित्रांना हा वेडेपणा वाटला. डिसेंबरात ते तेथे पोहोचले.

त्यांची परिस्थिती जरा डोळ्यांसमोर आणा. ज्या सरकारच्या नावाने गाव जाळले गेले, त्याच सरकारचा हा माणूस. गाव कॅथलिक आणि हा प्रॉटेस्टंट. जोगिणींच्या मठाची एक इमारत शाळेसाठी दिलेली, तीही अर्धवट बांधलेली. स्वयंपाकघर नाही, पुरेशा खाटा नाहीत, गवंडीकामाची धूळ सगळीकडे, आणि ऐन हिवाळा. मदतीला घर सांभाळणारी एक बाई. दुसरा शिक्षक नाही. पुस्तके नाहीत, पाट्या नाहीत, वेळापत्रक नाही.

मुले आली ती खरुजेने भरलेली, डोक्यात उवा, अंगावर चिंध्या. काही हाडांचे सापळे झालेली; काही भीक मागून मागून निर्ढावलेली; काही पूर्वीच्या सुस्थितीमुळे इतरांना तुच्छ मानणारी. अक्षरओळख असलेली मुले अगदी थोडी. सुरुवातीला पन्नासच्या आसपास असलेली संख्या पुढे ऐंशीपर्यंत गेली.

तुम्ही कधी पहिल्या नेमणुकीच्या शाळेत पहिल्या दिवशी पाऊल टाकले असेल, तर नवशिक्षक बरोबर काय घेऊन जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. तो पाठ घेऊन जातो. पेस्टालॉत्सींकडेही योजना होत्या, वीस वर्षांच्या चिंतनाची शिदोरी होती. पण पहिल्या आठवड्यांत त्यांना कळले, की या मुलांना सध्या पाठ नको आहे. त्यांना धुवायला हवे, खाऊ घालायला हवे, आणि हा माणूस उद्याही येथेच असेल याची खात्री पटवायला हवी. त्यांनी मुलांची अंगे आपल्या हाताने स्वच्छ केली. त्यांच्यातच जेवले, त्यांच्यातच झोपले. रात्री सर्वांत शेवटी आडवे व्हायचे आणि पहाटे सर्वांआधी उठायचे. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मुलेच आग्रह करीत आणि झोप लागेपर्यंत प्रार्थना व अभ्यास चालू राही. मुले आजारी पडली की उशाशी तेच.

गावाने मात्र त्यांना सहज स्वीकारले नाही. रविवारी आया आणि नातेवाईक भेटायला येत, मुलांना कोपऱ्यात घेऊन कान भरीत, आणि संध्याकाळी काही मुले नाहीशी होत. नवे कपडे अंगावर चढले की काहीजण पळून जात. आणखी एक प्रकार आपल्याला चक्रावून टाकणारा आहे. मूल शाळेत राहिल्यामुळे त्याच्या भिकेचे उत्पन्न बुडते, तेव्हा त्याचा मोबदला द्या, अशी मागणी काही पालकांनी केली. आपल्याकडे वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेले मूल शाळेत आणू पाहणाऱ्या शिक्षकाला हे गणित निराळ्या रूपात भेटतेच. त्या पालकांना हसणे सोपे आहे. पेस्टालॉत्सींना प्रथम राग आला, दुःखही झाले. पण या वागण्यामागची भूक त्यांना दिसत होती.

मग शिकवणे कसे सुरू झाले? हातात काही नसल्यामुळे, हेच त्याचे प्रामाणिक उत्तर. एवढी वेगवेगळ्या वयांची मुले एका ठिकाणी, म्हणून त्यांनी सर्वांना एकत्र, तालात, उच्चार म्हणायला लावले. गोंगाट आवरेना, म्हणून खेळ केला : म्हणताना प्रत्येकाने आपल्या बोटावर नजर ठेवायची. एवढ्याशा युक्तीने लक्ष एकवटते हे त्यांना प्रथमच दिसले. थोडा वेळ पूर्ण शांत बसण्याचा सरावही त्यांनी करून घेतला. या शांततेचा संबंध शिस्तीशी कमी आणि मुलाने स्वतःचा ताबा घेण्याशी अधिक होता. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढायची नाही, मग ती कितीही क्षुल्लक दिसो, हा नियमही तेथेच ठरला. मोठ्या मुलांसाठी वेगळा शिक्षक नव्हता, म्हणून ज्याला जे येते ते त्याने शेजारच्याला शिकवायचे ठरले. एक मोठा मुलगा दोन लहानांच्या मध्ये बसतो आहे, त्यांच्या खांद्यांवर हात टाकून स्वतःला नुकतेच समजलेले त्यांना सांगतो आहे, असे दृश्य रोज दिसू लागले. पुढे शिक्षणशास्त्रात ज्या गोष्टींना भारदस्त नावे मिळाली, त्यांपैकी काही अशा अडचणीतून जन्मल्या.

नीतिशिक्षणाचेही तसेच. आधी उपदेश करायचा आणि मग आचरणाची अपेक्षा ठेवायची, हा क्रम त्यांनी उलटा केला. आधी अनुभव, मग त्याला नाव. एप्रिलमध्ये आल्टडोर्फ हे शेजारच्या प्रांतातील गाव आगीत भस्मसात झाले. पेस्टालॉत्सींनी मुलांना जवळ बोलावले आणि तेथील सुमारे वीस बेघर मुलांना आपल्यात घ्यावे का, असे विचारले. मुलांनी एकदम होकार दिला. त्यावर ते थांबले नाहीत. पैसा थोडा आहे, वाटे वाढतील, जेवण कमी पडेल, काम जास्त करावे लागेल, कपडेही वाटून घ्यावे लागतील, हे त्यांनी स्पष्ट केले आणि पुन्हा विचारले. मुले आपल्या होकारावर ठाम राहिली. काही महिन्यांपूर्वी भाकरीच्या तुकड्यासाठी एकमेकांच्या अंगावर धावणारी हीच मुले. करुणेवर एक शब्दही न बोलता करुणेचा पाठ झाला होता. दुसऱ्यांदा विचारलेला तो प्रश्न मला या साऱ्या प्रसंगाचा गाभा वाटतो. पहिल्या होकारावर खूश होऊन विषय मिटवणारे शिक्षक पुष्कळ असतात.

येथे एक गोष्ट लपवता कामा नये. पेस्टालॉत्सी मुलांना मारीत. हट्टीपणा आणि दांडगाई यांसाठी ते चापट लगावीत आणि लगेच जवळ घेत. आपण दिवसरात्र मुलांसाठी झटतो हे मुलांना दिसते, म्हणून आपली चापट त्यांना टोचत नाही, असे त्यांचे समर्थन होते. आज आपल्याला ते पटणार नाही, आणि पटूही नये. मायेच्या आवरणाखाली दिलेला मारही मारच असतो.

चरित्राचे अभ्यासक म्हणून आणखी एक सावधगिरी बाळगा. श्टान्सविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातील बराच भाग पेस्टालॉत्सींनी त्याच वर्षी एका मित्राला उद्देशून लिहिलेल्या दीर्घ पत्रातून येतो. ते पत्र छापले गेले १८०७ मध्ये. काम अर्ध्यावर सुटलेल्या, टीकेने घायाळ झालेल्या माणसाचे ते निवेदन आहे. सरकारी देखरेख करणाऱ्यांना त्याच शाळेत अव्यवस्था आणि घाण दिसत होती. दोन्ही खरे असू शकते. ऐंशी मुले आणि एक शिक्षक असलेल्या घरात माया आणि गोंधळ एकत्र नांदणे मुळीच अशक्य नाही.

८ जून १७९९ रोजी सारे संपले. युद्ध पुन्हा जवळ आले आणि फ्रेंचांना जखमी सैनिकांसाठी इमारत हवी होती. बहुतेक मुलांना कपडे आणि थोडे पैसे देऊन परत पाठवावे लागले. विसेक मुले मागे राहिली. शाळा पाच महिनेही पूर्ण चालली नव्हती. पेस्टालॉत्सींच्या थुंकीतून रक्त पडू लागले होते. विश्रांतीसाठी ते गुर्निगेल या डोंगरावरील आरोग्यस्थानी गेले. त्यांच्या विरोधकांच्या मते हा आणखी एक फसलेला उद्योग होता.

चांभाराच्या शाळेत

जुलै अखेरीस ते बुर्गडोर्फ गावी आले आणि शिकवण्याची परवानगी मागितली. मिळाली ती गावातल्या सर्वांत गरीब वस्तीच्या शाळेत. तेथील मास्तर सामुएल डिस्ली हा चांभार होता. ज्या खोलीत तो जोडे शिवी, त्याच खोलीत शाळा भरे. मुलांनी प्रश्नोत्तररूप धर्मपाठ घोकायचा, हेच तेथे शिक्षण. पेस्टालॉत्सी पुस्तक न घेता शिकवू लागले, मुलांना उच्चार म्हणायला आणि रेघा काढायला लावू लागले. चांभार अस्वस्थ झाला. पालकांमध्ये कुजबुज सुरू झाली, की या म्हाताऱ्याला धर्मपाठ येत नाही. धड लिहिता-वाचता, हिशेब करताही येत नाही. नवी पद्धत करून पाहायची असेल तर त्यांनी ती श्रीमंतांच्या मुलांवर करून पाहावी, असे लोकांचे म्हणणे होते. त्यांना तेथून जावे लागले.

मानद नागरिक, नावाजलेला लेखक, आणि वयाच्या चोपन्नाव्या वर्षात चांभाराच्या शाळेतून काढलेला उमेदवार. मित्रांच्या खटपटीने त्यांना दुसरी जागा मिळाली : पाच ते आठ वर्षांच्या मुलांचा अगदी खालचा वर्ग, एका बाईंच्या शाळेत. येथून हाकलले तर पुढे दार नाही, या भीतीने ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलांबरोबर घसा फोडून उच्चार म्हणत. पण याच वर्गात श्टान्सच्या घाईगर्दीतील अंदाज त्यांना शांतपणे तपासता आले. प्रत्येक वस्तूविषयी तीन प्रश्न विचारायचे : किती आहेत? आकार कसा आहे? नाव काय? संख्या, आकार आणि शब्द या तीन पायांवर त्यांची पद्धत उभी राहू लागली. लवकरच बुर्गडोर्फच्या जुन्या किल्ल्यात ते शिकवू लागले. तेथे शिकलेल्या एका विद्यार्थ्याने पुढे आठवण लिहून ठेवली आहे. वर्गातील भिंतीवरचा कागद जुना, फाटका होता. पेस्टालॉत्सी मुलांना त्याच्यासमोर उभे करीत आणि त्यावरील भोके व चिरा यांची संख्या, जागा, आकार, रंग पूर्ण वाक्यांत सांगायला लावीत. हे तासन्‌तास चाले. मुले कंटाळत असतील का? बहुधा कंटाळत असतील. त्या पद्धतीचा हा दोषही आहे. पुढे तिच्या अनुयायांनी तो दोष अधिक निष्ठेने उचलला. तरीही फाटक्या भिंतीतून गणित, चित्रकला आणि भाषा काढणारा शिक्षक साधनांची वाट पाहत बसला नव्हता, हे नाकारता येत नाही.

१८०० च्या मार्चमध्ये गावच्या शालेय समितीने त्यांच्या मुलांची परीक्षा घेतली. पाच ते आठ वर्षांची ही मुले वाचत होती, नेटके लिहीत होती, आकृत्या काढीत होती, हिशेब करीत होती. समितीने ३१ मार्चला लेखी पत्र देऊन त्यांच्या कामाची प्रशंसा केली. मठाची शाळा उघडल्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. नवशिक्षकाचे पहिले वर्ष असे संपले.

उत्तरायुष्य

पुढचा भाग इतिहासाच्या पुस्तकांत सहज सापडतो. हेर्मान क्र्यूसी हा तरुण शिक्षक दुष्काळी आप्पेनझेल भागातील मुलांना घेऊन बुर्गडोर्फला आला होता. तो त्यांना येऊन मिळाला आणि किल्ल्यात शिक्षणसंस्था उभी राहिली. १८०१ मध्ये ‘गेर्ट्रूड आपल्या मुलांना कशी शिकवते’ हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा मुलगा वारला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. ग्रंथ आणि मृत्यू एकाच वर्षी यावेत, यावर काही भाष्य करण्याचा मोह मी टाळतो.

१८०५ पासून संस्था इव्हेर्दों येथील किल्ल्यात स्थिरावली आणि वीस वर्षे चालली. बालोद्यानाचे जनक म्हणून ओळखले जाणारे फ्रोबेल तेथे दोन वर्षे राहून गेले. इंग्लंडमधील सुधारक रॉबर्ट ओवेन पाहून गेले. फी भरणारी मुले युरोपभरातून आली. ज्या गरीब मुलांसाठी हा सारा खटाटोप सुरू झाला, ती मात्र बव्हंशी बाहेर राहिली. १८१८ मध्ये त्यांच्यासाठी काढलेली शाळा फार काळ वेगळी टिकली नाही. सहकाऱ्यांमध्ये विकोपाची भांडणे झाली. १८१५ मध्ये आना गेली. १८२५ मध्ये संस्था बंद झाली आणि ऐंशीच्या घरातील पेस्टालॉत्सी नॉयहोफला परतले, पन्नास वर्षांपूर्वी जेथे बुडाले होते त्याच वाडीत.

१८२६ च्या उन्हाळ्यात ते ऱ्हाइनकाठच्या बॉयगन येथे अनाथ मुलांची शाळा पाहायला गेले. मुलांनी स्वागताची गाणी म्हटली आणि ओकच्या पानांचा मुकुट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो डोक्यावर घेतला नाही. तो मुलांच्या निष्पापतेचा आहे असे सांगून त्यांनी परत केला. पुढच्या वर्षी १७ फेब्रुवारीला ब्रुग येथे त्यांचे निधन झाले. बिर गावात शाळेच्या भिंतीलगत त्यांना पुरले.